एक काच धुवायची, एक ठेवायची

काका, तुम्ही गेल्याचा फोन आपल्या वॉर्डातल्या मंदा सिस्टरचा आला. "डॉक्टर गेले वं ज्योती," एवढं बोलून ती रडली, मग नाक ओढलं आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "डबा तुह्यापाशीच आहे ना? का कोणी इकडे-तिकडे ठेवला?" मी नागपूरला प्रयोगशाळेत, हातात रबरी हातमोजे, फोन मान वाकडी करून खांद्यात दाबलेला. रडू येत होतं आणि हसूही. म्हटलं, "आहे सिस्टर, माझ्या टेबलावरच आहे." ती म्हणाली, "मंग ठीक आहे." डबा सुखरूप आहे म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं.

दुपारी भाकरी न् वांग्याचं भरीत खाल्लंत, काकूंना म्हणालात, "जरासाक पडतो," आणि पडलात ते पडलातच. सगळे म्हणतात, चांगलं मरण आलं, कोणाला त्रास नाही. असेल. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की भांडण अर्धवट टाकून निघून जाणारा माणूस मला मुळीच पसंत नाही. आपलं भांडण चांगलं रंगात आलं होतं. तुमची बाजू पडत चालली होती, म्हणून पळालात ना?

बरं, आता निवांत ऐका. मधे बोलायची सोय उरलेली नाही तुम्हाला. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होऊ देणार आहात.

मी तुमच्याकडे आले तेव्हा दुसरीत होते. हिंगणघाटला बाबांचं कापडाचं दुकान, घर दुकानाच्या मागेच. मला आठवडाभर ताप, पाय ठणकायचे आणि दंडांवर, मांड्यांवर निळे डाग. आईला वाटलं, शाळेतल्या बाईंनी मारलं. ती पदर खोचून शाळेत भांडायला गेली! बिचाऱ्या बाई शपथा घेऊन सांगत होत्या की मी पोरीला बोटही लावलं नाही. मग गावातल्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि म्हणाले, वर्ध्याला न्या, आजच न्या. आई-बाबा मला एसटीत मांडीवर झोपवून घेऊन आले. शेजारच्या बाईने आईला विचारलं, "काऊन, लेकराले काय झालं?" आणि आईला सांगता येईना. तिने माझ्या दंडावरचे डाग पदराने झाकले.

तुम्ही मात्र मलाच सांगितलंत, आई-बाबांच्या आधी. कमरेच्या हाडातून सुईने रस काढल्यावर मी रडून रडून थकले होते, तेव्हा तुम्ही मला उचलून सूक्ष्मदर्शकापाशी नेलंत, स्टुलावर उभं केलंत. "पाह्य बरं, दिसते का? जांभये जांभये गोल?" दिसले. काचेवर नुसती गर्दी. "हे तुह्या रक्तातले पोट्टे. मोठे व्हायचंच नाव घेत नाई. काम ना धाम, नुसते वाढून राह्यले, न् कामाच्या पोट्ट्यायले बसाले जागा नाई ठेवली. आपुन यायले हाकलू." मी विचारलं, "ते मोठे काऊन नाही होत?" तुम्ही डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "ते नाई बा मले माहीत."

डॉक्टर असून 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला तुम्ही त्याच दिवशी आवडलात.

तुमच्या त्या वॉर्डात वेळ कसा गेला म्हणाल, तर खरं सांगते, मजेत गेला. औषधांनी गाल फुगून भोपळा झाला, केस गेले, आणि भूक अशी की मी शेजारच्या पलंगावरच्या बेबीचाही खाऊ फस्त करायची. बेबी तळेगावची, श्यामजी पंतच्या तळेगावची. माझ्यापेक्षा वर्षाने लहान आणि माझ्या दुप्पट बोलणारी. तिच्या आईचं तिथल्या बाजारात बांगड्यांचं दुकान. बेबीचे हात काडीसारखे, तरी कोपरापर्यंत बांगड्या. सलाइन लावताना मंदा सिस्टर बांगड्या काढायला लागली की बेबी म्हणायची, "दुसऱ्या हाताले लाव, या हाताचा आज सण आहे." रोजच तिच्या कुठल्या ना कुठल्या हाताचा सण असायचा.

आणि तुमचा तो रिवाज! तेव्हा प्रयोगशाळेत काचा धुवून पुन्हा वापरायचे. नव्या काचा पुरायच्या नाहीत. सगळ्यांच्या काचा बादलीत जायच्या, पण आपल्या वॉर्डातल्या पोरांच्या काचा तुम्ही बादलीत जाऊ द्यायचा नाहीत. ज्या पोराचं औषध संपलं, ते घरी जायच्या आदल्या दिवशी त्याची पहिली काच तुम्ही घमेल्यात साबणाच्या पाण्यात भिजत घालायचात. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या नळापाशी सगळी पोरं जमायची; ज्यांना चालता येत नाही ती आयांच्या कडेवर. मग त्या पोराने आपल्या हाताने, बोटाने चोळून काच धुवायची. जांभळा रंग पाण्यात जायचा, काच नितळ व्हायची आणि सगळा वॉर्ड ओरडायचा, "गेले पोट्टे, गेले!" बाहेरच्या वॉर्डातले लोक घाबरून बघायला यायचे. म्हणूनच पोरं तुम्हाला काचकाका म्हणायची.

माझी पाळी आली तेव्हा मी इतकी जोरात चोळली की मंदा सिस्टर ओरडली, "अवं, काच फोडशीन, बोट कापशीन!" कडेला बेबी उभी होती. तिचा आजार तेव्हा उलटला होता, पुन्हा पहिल्यापासून औषधं सुरू झाली होती. तिने तुमचा कोट ओढून विचारलं, "काका, मी कधी धुवू?" तुम्ही म्हणालात, "तुहा बी नंबर लागन, बाई." मी घरी गेले. पावसाळ्यात आईला कोणीतरी सांगितलं आणि आईने मला सांगितलं नाही, पण आईच्या डोळ्यांवरून मला कळलं.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला, काका. तोच आजार, तेच औषध, तोच वॉर्ड, शेजारचे पलंग. मी काऊन राहिले आणि ती काऊन गेली? आई म्हणायची, देवाची मर्जी. बाबा म्हणायचे, अभ्यासाला बस. तुम्ही म्हणायचात, माहीत नाही. तिघांत मला तुमचंच उत्तर पटलं, म्हणून तर विज्ञानाला गेले.

नागपूरला संशोधनाला लागले आणि विषय सांगायला तुमच्या ओसरीवर आले, तो रविवार आठवतो? तुम्ही निवृत्त झालेले, बनियनवर बसून स्कूटरचा कार्ब्युरेटर साफ करत होतात. म्हटलं, "काका, आठवतं, मी विचारलं होतं ते पोट्टे मोठे का होत नाहीत? मी तेच शोधणार आहे. मायक्रोआरएनए." तुम्ही म्हणालात, "हे कोणतं नवीन खूळ?"

मी सगळं समजावलं. की पेशीत एक मूळ प्रत असते, तिच्यातून निरोप निघतात, त्या निरोपांप्रमाणे पेशी आपलं काम करते. आणि हे मायक्रोआरएनए म्हणजे इवलेसे तुकडे. निरोपाला जाऊन चिकटतात आणि सांगतात, पुरे, हे आता करायचं नाही.

"स्वता काई बनवत नाई?"

"काहीच नाही."

"नुसतं दुसऱ्याले नाई म्हणते?"

"हो."

तुम्ही आत तोंड करून ओरडलात, "अवं, ऐकलं का? ही पोट्टी तुह्यावर संशोधन करून राह्यली!" आणि काकू आतूनच म्हणाल्या, "मी नाई म्हणते म्हणून हे घर उभं आहे. नाई तर भंगारवाल्याचं दुकान झालं असतं."

मी टाळीच वाजवली. कारण काकूंनी माझा अख्खा विषय एका वाक्यात सांगितला होता. नाही म्हणणारं कोणी उरलं नाही की पेशी वाढतच सुटते, मोठी होऊन कामाला लागायचं विसरते. कधी उलटंही होतं. जी गोष्ट पेशीला आवरून धरते, तिलाच गप्प करणारे हे तुकडे नको तितके वाढतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये यातले कोणते घटतात, कोणते वाढतात, याचा नकाशा काढायला जगात कुठे कुठे नुकती सुरुवात झालेली. कोणत्या मुलाचा आजार कोणत्या जातीचा, हे त्यावरून ओळखता येईलसं दिसत होतं. आणि कोणाचा उलटेल, हेही कदाचित एक दिवस. कदाचित. तुम्ही विचारलंत, हे पहिल्यांदा सापडलं कशात? म्हटलं, एका बारीक कृमीत, मातीत राहतो तो. त्यावर तुम्ही म्हणालात, "आपल्या इथं अळीनं कापूस खाल्ल्याचं लय ऐकलं. अळीनं डॉक्टरले शिकवल्याचं आजच ऐकून राह्यलो."

मग मी माझं रडगाणं लावलं. की नमुने मिळत नाहीत. आज आजारी असलेल्या पोराचं पुढे काय होणार, हे कळायला वर्षं थांबावं लागतं. जुने नमुने हवेत, ज्या पोरांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे अशा पोरांचे. हे तुकडे इतके लहान की सहजी मोडत नाहीत, वाळलेल्या जुन्या काचेवरसुद्धा टिकतात. पण पंधरा-सतरा वर्षांपूर्वीच्या काचा कोण ठेवतं? सगळ्या धुतल्या गेल्या.

तुम्ही कार्ब्युरेटर खाली ठेवलात. हात पुसलेत. आत गेलात. काकूंचा आवाज आला, "आता काय काढून राह्यले माळ्यावरचं?" आणि तुम्ही धुळीने माखलेला पत्र्याचा मोठा डबा घेऊन बाहेर आलात. कधी काळी त्यात गोरसपाक, ती वर्ध्याची तुपातली बिस्किटं, आली असावीत. झाकण उघडल्यावर अजून तुपाचा पुसट वास होता. आत कागदात एकेक गुंडाळलेल्या काचा. रंग न दिलेल्या, धुरकट. प्रत्येकीच्या टोकाला हिऱ्याच्या लेखणीने कोरलेलं नाव, हॉस्पिटलातलं नाही, घरचं. गोलू. छकुली. पिंट्या. बेबी. ज्योती.

"ही तर मी धुतली होती!" मी किंचाळलेच.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती रंगवलेली. मी दोन बनवत होतो नेहमी. रंग बिघडला तं? एक धुवाची, एक ठेवाची."

"म्हणजे सगळा वॉर्ड गेले गेले ओरडत होता तेव्हा माझे पोट्टे तुमच्या माळ्यावर बसले होते?"

"वाळलेले पोट्टे, ते काय करते? चहा पे आधी, मंग भांड."

मी चहा घेतला नाही. तुम्हीच माझ्या वाटणीचाही प्यायलात. लोक आता म्हणतात, काय दूरदृष्टी होती डॉक्टरांची! मी कोणाला बोलत नाही, पण तुमच्या-माझ्यात सांगते, दूरदृष्टी वगैरे काही नव्हती. तुम्हाला काही टाकवतच नव्हतं. त्याच माळ्यावर स्कूटरची तीन बिघडलेली चाकं, फुटके टॉर्च आणि एसटीची जुनी तिकिटं होती. त्या पसाऱ्यात आमची रक्तं होती, एवढंच. आणि तरी, काका, जगात कोणी माझ्यासाठी जपलेल्या वस्तूंत त्या धुरकट काचेइतकं मोलाचं काही नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मंग चहा काऊन नाई पेली?

संशोधनाला लागते ती हॉस्पिटलच्या कमिटीची परवानगी काढली, आणि मग तुम्ही हट्ट धरलात की ज्याची काच त्याच्या घरी जाऊन विचारायचं. कागद पाठवून नाही, स्वतः जाऊन. "रक्त त्यायचं आहे, डबा फक्त माहा." मग आपण दोघं निघालो, कधी तुमच्या त्या खोकणाऱ्या स्कूटरवर, कधी एसटीने. काय ते दिवस होते! गोलू इतका दांडगा झाला होता की त्याने तुम्हाला उचलून ओसरीवर गोल फिरवलं. छकुलीने आपल्या बाळाला तुमच्या मांडीवर ठेवलं आणि बाळाने आपलं काम चोख केलं. प्रत्येक घरी जेवण. नाही म्हणायची सोय नाही. संध्याकाळी परत येताना तुमचा पट्टा पोटावरून सुटलेला असायचा आणि तुम्ही म्हणायचात, "तुह्या या संशोधनानं मी मरन, पण उपाशी नाई मरन."

तळेगावला मात्र तुम्ही सगळ्यांत शेवटी नेलंत मला. वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून तळेगाव. बेबीच्या आईचं बांगड्यांचं दुकान तिथेच होतं. तिने मला ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर माझे दोन्ही हात घट्ट धरले. मला वाटलं, मी तिथे यायलाच नको होतं. मी जिवंत, धडधाकट, समोर उभी. पण ती म्हणाली, "एवढी मोठी झाली माय तू. आमची बी एवढीच असती." आणि लगेच माझ्या हातात बांगड्या चढवायला बसली. तुम्ही हळूहळू सांगितलंत, काचेबद्दल, डब्याबद्दल. ती मान न वर करता ऐकत होती, माझा पंजा दाबून एकेक बांगडी सरकवत.

सगळं ऐकून ती म्हणाली, "न्या. कोणाच्या लेकराले कामी येईन." मग म्हणाली, "डॉक्टर, तिनं तिची काच नाई धुतली ना?"

तुम्ही म्हणालात, "नाई, माय."

परतताना आपण आर्वीला एसटी बदलली. मग खिडकीकडे बघत बोललात, "मी तिले म्हटलं होतं, तुहा बी नंबर लागन." आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, काका, मला माझी काच आणि बेबीची काच शेजारी शेजारी ठेवून बघायची आहे. काय वेगळं होतं तिच्यात न् माझ्यात. मला दुसरं काही नको.

"दोन काचायनं काय समजन? दोन पोरींत हजार गोष्टी वेगळ्या. तुले त्यातली जी दिसन तेच कारण वाटन."

"तरी बघू द्या. माझी काच आहे, माझा हक्क आहे."

"हक्क आहे तुहा, कोण नाई म्हणते? पण काच काई वाईट बोलली तं? तुह्यात बी उलटायच्या खुणा होत्या असं निंघालं तं? मंग दर तापाले घाबरशीन. लग्न करू का, पोरं होऊ देऊ का. गेलेल्या पोट्ट्यायची हाजरी आता कायले घेतं?"

"मग मला कधीच कळणार नाही, मी का वाचले?"

"एका काचेत काऊनचं उत्तर नसते, ज्योती. सगळ्या मिसळ. सगळ्या मिळून बोलतीन ते खरं. त्यातून पुढच्या एखाद्या पोराचं काऊन समजलं तं लय झालं."

आजूबाजूचे प्रवासी कान देऊन ऐकत होते. मी म्हटलं, मी बघणारच. तुम्ही म्हणालात, पाहू. वर्धा आलं.

दिवाळीत तुम्ही डबा माझ्या हातात दिलात, तर काय! प्रत्येक नावावर दोन्ही बाजूंनी पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर आकडा. काकू आणि तुम्ही आठवडाभर ओसरीवर बसून चिकटवत होतात म्हणे. कोणता आकडा कोणाचा, त्याची यादी तुम्ही थेट माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे नेऊन दिली होती. तसा नियमच आहे, काम करणाऱ्याने नाव बघायचं नसतं. पण मला ठाऊक होतं, नियम वगैरे निमित्त. हा कट होता! मी पाय आपटले. तुम्ही म्हणालात, "नख लावून पाह्य ना, पट्टीच आहे, काई तिजोरी नाई." त्यानंतर दर रविवारी फोनवर तुमचा पहिला प्रश्न, "लावलं का नख?" "नाही." "लाव मंग, कोण अडवते?" असं चिडवून चिडवूनच तुम्ही मला नख लावू दिलं नाहीत. मोठे चालू होतात.

हिवाळाभर मी त्या काचा खरवडल्या. एकेक काच दिव्यासमोर धरायची, वाळलेल्या पेशी पात्याने अलगद काढायच्या, नळीत टाकायच्या. प्रत्येक वेळी वाटायचं, हीच का मी? ही बेबी का? एका काचेशी मी उगाचच जास्त प्रेमाने वागले, आणि ती बहुतेक पिंट्याची असणार.

तुम्ही गेल्याच्या आठवड्यातच निकाल आले. जरा थांबला असतात तर? बरं, ऐका. सतरा वर्षं माळ्यावर पडलेल्या काचा बोलल्या, काका! सगळ्या नाही, काही मुक्याच राहिल्या. पण बहुतेक बोलल्या. कागदावर दर काचेचा एक ठिपका; पांढऱ्या पेशींच्या ज्या दोन घराण्यांत हा आजार होतो, ती दोन घराणी स्वच्छ वेगळी पडली. ज्यांचा आजार उलटला त्यांचे ठिपके एका बाजूला झुकलेत का? मॅडम म्हणतात, झुकल्यासारखे दिसतात, पण एवढ्यावर बोलायचं नाही, अजून खूप नमुने हवेत. म्हणजे तुमच्या भाषेत, अजून माहीत नाही. पण हे माहीत नाही पहिल्यापेक्षा थोडं शहाणं आहे.

मॅडमनी कागद माझ्यासमोर पसरला आणि म्हणाल्या, "काम झालं. आता तुला तुझा ठिपका कोणता हे बघायचं असेल तर सांग, मी कपाटातून काढते." मी त्या ठिपक्यांकडे बराच वेळ बघत बसले. त्यातला एक मी. एक बेबी. कुठला ते ठाऊक नाही, पण आम्ही दोघी एका कागदावर होतो, पुन्हा एका वॉर्डात. मी म्हटलं, "नको मॅडम." आणि मग तुमची इतकी आठवण आली की मी तिथेच हुंदके देऊन रडले. भांडण तुम्ही जिंकलात आणि "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायला तुम्ही नाही! हा कसला जिंकण्याचा प्रकार?

काल तुमची तेरवी झाली. काकूंनी पुरण केलं होतं, आणि त्या मला म्हणाल्या, "आता 'नाई' कोणाले म्हणू वं मी?" त्यांना म्हटलं, मला म्हणा. त्या म्हणाल्या, तुला म्हणून काही उपयोग नाही, तू त्यांच्यावरच गेली आहेस. बेबीची आई तळेगावहून आली होती. गोलू, छकुली, सगळी आली होती. जेवणं झाल्यावर मंदा सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "चाल. भिजत घातल्या आहे रात्रीच."

कारण खरवडलेल्या काचा मी मॅडमना विचारून परत आणल्या होत्या, डब्यासकट, आणि आदल्या दिवशी सिस्टरच्या हवाली केल्या होत्या. आता त्या रिकाम्याच होत्या, नुसत्या मळकट. वॉर्डातला तोच नळ, तेच घमेलं, साबणाचं पाणी. नवी पोरं भोवती जमली, टकली, गालफुगी, एकाच्या हातात सलाइन. आम्ही जुनी पोरं मधे. सिस्टरने सगळ्यांना हातमोजे घालायला लावले, तिची शिस्त काही सुटत नाही.

आणि घमेल्यात बघितलं तर काय, काका! साबणाच्या पाण्याने चिकटपट्ट्या सुटून वर तरंगत होत्या. आकडे सगळे पाण्यावर, आणि तळाला काचा, नावांसकट. गोलू. छकुली. पिंट्या. आकडे पाण्यात गेले आणि नावं मात्र परत आली. हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं, का तुमची पट्टीच जुनीपुराणी, माळ्यावरची होती? मला वाटतं, पट्टीच जुनी होती. पण तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही श्रेय नक्की घेतलं असतंत.

ज्याने त्याने आपली काच उचलली, घासली. मी माझी दुसऱ्यांदा धुतली, या वेळी हळू. पोरं ओरडत होती, प्रत्येक काचेला, "गेले पोट्टे, गेले!" शेवटी मी पाण्यात हात घालून बेबीची काच काढली आणि तिच्या आईच्या हातात ठेवली. तिने हातमोजे घातले नाहीत, आणि सिस्टरने ते चालवून घेतलं. तिने काच नळाखाली धरली, अंगठ्याने चोळली, आधी घाबरत, मग जोरात. बांगड्या वाजत होत्या. काच नितळ झाली तशी तिने ती उजेडाकडे धरली, तिच्यातून आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि हसली.

वॉर्ड असा ओरडला की बाहेरचे लोक धावत आले.

बेबीचा नंबर लागला, काका.